नाव जुळलं, माणूस एक

"भामाबाई शेलार, पत्नी दगडू शेलार. यांना स्वतंत्र भूखंड नाही. पुढचं नाव..." भोंग्यातून एवढं वाचलं गेलं आणि मांडवातली कुजबुज थांबली.

बायकांच्या बाजूला पुढे बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची असेल. अंगानं काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. ती सरळ टेबलापाशी आली आणि यादी वाचणाऱ्या कारकुनासमोर उभी राहिली.

"काय वाचलंस? परत वाच."

कारकुनानं परत वाचलं. या वेळी हळू, पण भोंगा चालूच होता.

"कुनाची बायकू?"

"दगडू शेलार यांची, मावशी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दगडू माजा दीर. चुलत. माज्या लग्नात त्यो पाळण्यात व्हता. माजा नवरा गणपत शेलार. धाकटी पोर पोटात असताना वारला. सगळ्या धावडीला ठावं हाय. आन् तू भोंग्यावरनं सांगतूस, मी दगडूची बायकू?"

"मी नाही सांगत, मावशी. कॉम्प्युटरमध्ये तसं आहे."

"मग बोलीव त्येला हितं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण कॉम्प्युटर माझ्यासमोर होता.

धावडीचं धरण बांधून होत आलं होतं आणि त्या पावसाळ्यात गाव पाण्याखाली जाणार होतं. खाली सपाटीवर नवं गावठाण आखलेलं. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी एक भूखंड. कुटुंब कुणाला म्हणायचं याचे नियम ठरलेले होते, आणि विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई वेगळी चूल मांडून राहत असेल तर तिचं कुटुंब वेगळं धरायचं, हा त्यातला एक नियम होता. घरोघरी फिरून माहिती गोळा झाली होती. ती साठवायचं आणि पात्र कुटुंबांची यादी काढायचं काम पुण्याच्या सर्वांग सिस्टिम्स नावाच्या कंपनीला मिळालं होतं. मी तिथं डेटाबेसचं काम करत होते. वाटपाच्या दिवशी काही अडलं तर हाताशी कुणीतरी असावं म्हणून कंपनीनं मला लॅपटॉप घेऊन धावडीच्या शाळेत पाठवलं होतं.

"मॅडम, बघा जरा," पुनर्वसन अधिकारी घाटगेसाहेब म्हणाले.

मी नाव टाकलं. भामाबाईंचा अर्ज होता. वेगळा होता. कुटुंबप्रमुख भामाबाई, छप्पर कौलारू, चूल स्वतंत्र, मुली दोन, दोघी सासरी. सगळं होतं. आणि प्रत्येक ओळीपुढे 'रद्द' अशी खूण होती. कारण: दुबार नोंद.

"अर्ज आहे, साहेब. पण रद्द झालाय."

"कुणी केला?"

"ते बघावं लागेल."

एव्हाना पुरुषांच्या बाजूला एक माणूस उभा राहिला होता. कानापर्यंत लाल झालेला. "सायेब, ती माजी वयनी हाय," एवढं बोलून दगडू शेलार पुन्हा खाली बसला. त्याची खरी बायको बायकांत मागे होती. तिचंही नाव भामाबाईच. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. जणू तिनंच काही चोरलं होतं.

घाटगेसाहेबांना पुढची नावं घ्यायची होती. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मावशी, काही काळजी करू नका. तुम्ही तहसीलला जा आणि प्रतिज्ञापत्र करून आणा, की तुम्ही दगडू शेलार यांच्या पत्नी नाही. मग आपण बघू."

भामाबाई टेबलाला आणखी खेटून उभी राहिली.

"म्हंजी मी कुनाची बायकू न्हाई, ह्येचा कागद मी आनायचा?"

"नियमाप्रमाणे..."

"आन् तुमी मला कुनाची तरी बायकू केलीसा, त्येला कागद लागला न्हाई?"

साहेबांनी कारकुनाला खूण केली. पुढचं नाव वाचलं गेलं. भामाबाई तशीच उभी राहिली, आणि तिच्या डोक्यावरून नावं पुढे जात राहिली.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी एका रिकाम्या वर्गात जाऊन बसले. मला शोधावं लागलं नाही फार. रद्दच्या खुणा कुणी एकेक करून मारल्या नव्हत्या. सगळ्या एका फटक्यात पडल्या होत्या, आणि त्या मारणाऱ्या प्रोग्रामवर हेरंबसरांचं नाव होतं.

हेरंब पाटणकर माझे वरिष्ठ. काम मला त्यांनीच शिकवलं होतं. हुशार माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. या कामाच्या सुरुवातीलाच आमची खडाजंगी झाली होती, म्हणजे खडाजंगी माझ्या बाजूनं; ते हसत होते.

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे रकाने आखलेला तक्ता. मी चार टेबलं काढून नेली होती. एक माणसांचं. त्यात प्रत्येक माणसाची एकच ओळ, त्याचा स्वतःचा क्रमांक, पूर्ण नाव. दुसरं कुटुंबांचं. तिसरं घरांचं. आणि कोण कुणाचं काय लागतं, ते चौथ्यात.

हेरंबसरांनी कागद बाजूला सारला होता. "एकच टेबल पुरे. तीन रकाने. अर्जाचा क्रमांक, बाब आणि मजकूर. बाब छप्पर, मजकूर कौलारू. बाब पत्नी, मजकूर भामाबाई. संपलं. उद्या कचेरीनं सांगितलं, गुरं किती तेही हवं, तर गुरं ही नवी बाब. परवा संडास. टेबलाला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

"पण सर, बाबीचं नाव कुणीही काहीही लिहील. कुणी मधलं नाव लिहील, कुणी पतीचे नाव, कुणी वडील किंवा पती. मशीनला कसं कळणार की तिन्ही एकच?"

"शेवटी बघू. साफ करून घेऊ."

"आणि यात माणूस कुठे आहे? बाई म्हणजे कुणाच्या तरी अर्जापुढचा मजकूर?"

"तुझं टेबल पावलोपावली नाही म्हणतं, उल्का. हे भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, ते दोनदा घेत नाही."

"तेच त्याचं काम आहे, सर. शंका आली की ते विचारतं."

"कचेऱ्यांना विचारणारं सॉफ्टवेअर नको असतं. त्यांना घेणारं हवं असतं."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. कचेरी खरंच दर आठवड्याला नवं काहीतरी मागायची, आणि त्यांच्या टेबलात ते विनातक्रार मावायचं. सगळे खूश होते. मला दुसऱ्या कामावर घेतलं गेलं होतं. धावडीला मला पाठवलं ते केवळ त्या आठवड्यात मी मोकळी होते म्हणून.

मी त्यांना फोन लावला.

"हो, दुबार काढायचा प्रोग्राम माझाच," ते म्हणाले. "कुटुंबं मंजूर आकड्यापेक्षा जास्त भरत होती. घाटगे म्हणाले, दुबार नावं काढा. गाव तेच, आडनाव तेच, पहिलं नाव तेच, आणि एकीकडे पत्नी म्हणून नोंद असेल, तर तिच्या नावाचा वेगळा अर्ज रद्द."

"मधलं नाव?"

"ते धरता येत नव्हतं. प्रत्येकानं वेगळ्या बाबीखाली लिहिलंय."

"म्हणून सोडून दिलंत?"

"बहुतेक ठिकाणी बरोबर आलंय, उल्का."

"सर, अर्ध्या गावाचं आडनाव शेलार आहे. भामाबाई, तानूबाई, हौसाबाई दर दुसऱ्या घरात आहेत. इथं एका विधवेला सगळ्या गावासमोर दिराची बायको म्हणून वाचलं."

"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाले. "तिचा अर्ज चालू करून टाक. मी उद्या सकाळी येतोच आहे. तोवर घाटग्यांशी काही बोलू नकोस."

फोन ठेवला तर दारात भामाबाई उभी. किती वेळ उभी होती, कोण जाणे. आत येऊन ती माझ्यासमोरच्या बुटक्या बाकावर बसली.

"दाव मला, काय लिवलंय माज्याबद्दल. चौथीपतुर शिकलेली हाय मी."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं बोट धरून एकेक ओळ वाचली. छप्पर, चूल, मुली. मग बोट थांबलं.

"ह्यात मी कुटं हाय?"

"ही काय, कुटुंबप्रमुख, भामाबाई."

"ते नाव झालं. छपराच्या पुढं कौलारू लिवलंय, तसं हितं भामाबाई लिवलंय. मी कुटं हाय?"

पुण्यात मी हेच विचारलं होतं, पण मला ते इतकं उघडं करून सांगता आलं नव्हतं. मी म्हणाले, "तुम्ही नाही आहात, मावशी. यात माणसंच नाहीत. नुसती नावं आहेत. दोन नावं सारखी दिसली की माणूस एक, असं मशीनला सांगून ठेवलंय."

"कुनी सांगितलं?"

"आमच्याच माणसानं."

"त्येच्या घरात बायकांस्नी नावं न्हाईत व्हय?"

मग मी तिला रद्द झालेल्या अर्जांमधली नावं वाचून दाखवली. सगळे अर्ज बायकांचेच होते. दुसऱ्या कुणाचे असणार? ती एकेकीबद्दल सांगत गेली. हौसाबाईचं आडनाव तेवढं जुळतं, पण ती वरच्या आळीतली, नवरा दरीत पडून गेला. अनसूयेला नवऱ्यानं टाकलीय; तो मुंबईला दुसरी करून राहिलाय आणि माहिती घ्यायला माणसं आली तेव्हा मुद्दाम येऊन पहिलीचं नाव आपल्या अर्जात बायको म्हणून घालून गेला, घर आपल्याच नावावर राहावं म्हणून. टेबलानं त्यालाही काही विचारलं नव्हतं. वाचता वाचता मी एका नावापाशी आले.

"तानूबाई जाधव."

"जाधव न्हाईत आमच्यात."

"मंजुळा जाधव. सारजाबाई कदम."

"पोरी, ह्या धावडीच्या न्हाईत. ह्या उंबरवण्याच्या."

उंबरवणे हे धावडीच्या वरच्या अंगाचं गाव. तिथलं वाटप हिवाळ्यातच उरकलं होतं. गाव उठलंही होतं. घरांचे वासे, कौलं ट्रॅक्टरवर घालून लोक कधीच गेले होते. तिथं याच प्रोग्रामनं काढलेली यादी वाचली गेली होती. आणि तिथं एकाही बाईनं उठून विचारलं नव्हतं.

मी त्या बाकावर बसल्या जागी इतकी संतापले की मला बोलता येईना. भामाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि लॅपटॉप माझ्याकडे परत वळवला.

"आता गप नगं बसू," ती म्हणाली.

सकाळी हेरंबसर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात साहेबांसाठी पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा पुडा. मला त्यांनी शाळेच्या पडवीत बाजूला घेतलं.

"घाटग्यांना असं सांगायचं. माहिती भरताना दुबार नोंदी झाल्या, त्यातून काही अर्ज रद्द झाले, कंपनी ते तपासून देईल."

"माहिती भरणाऱ्या मुली इथल्या आहेत, सर. त्यांच्यावर ढकलायचं?"

"ढकलायचं कुठे? मधलं नाव त्यांनीच वाटेल तिथे लिहिलं ना?"

"तुम्ही लिहू दिलंत म्हणून. वाटेल तिथे लिहिता यावं, हेच तर तुमच्या टेबलाचं कौतुक होतं."

ते नेहमीसारखे हसले नाहीत. "तू कंपनीत आहेस की गावात?"

"उंबरवण्याचं काय करायचं?"

"तिथून तक्रार आलेली नाही."

"करायला त्या बायका आहेत कुठे?"

"उल्का, उगाच तत्त्वाचा प्रश्न करू नकोस. ही टेबलाची रचना आहे. आज एक निवडली, उद्या दुसरी निवडू."

मी त्यांना तिथंच सोडून घाटगेसाहेबांच्या वर्गात गेले. हेरंबसर मागोमाग आले. साहेब चहा पीत होते. मी बसले नाही. कोणते अर्ज रद्द झाले, कशावरून झाले, नाव जुळलं की माणूस एक हा नियम कुणी घातला, उंबरवण्याला काय झालं असणार, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. बाहेर वाटपासाठी जमलेल्या लोकांना ऐकू जात असणार. मला त्याचं काही वाटलं नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. हेरंबसरांकडे पाहिलं.

"हे खरंय?"

"साहेब, आकडा कमी करा असं आपणच..."

"मी दुबार काढा म्हणालो होतो. बायका काढा नव्हतो म्हणालो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं, आता यांचं दोघांचं जुळेल. दोघांनाही हे इथल्या इथे मिटायला हवं आहे. धावडीचे रद्द अर्ज मुकाट्यानं परत चालू होतील, उंबरवण्याचं कुणी नाव काढणार नाही.

घाटगेसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तोंडी बोलणं सोपं असतं. लेखी द्याल?"

मी मागे हटेन असं त्यांना वाटलं असावं. मला तोपर्यंत हे सुचलं नव्हतं, त्यांनीच सुचवलं. मी तिथल्याच कारकुनाकडून कागद घेतला.

"विचार कर," हेरंबसर हळूच म्हणाले. "मी तुला वाचवू शकणार नाही."

"मला नका वाचवू," मी म्हणाले आणि लिहायला लागले.

लिहून झाल्यावर साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "आता मला वाटप थांबवावंच लागेल," ते म्हणाले, आणि त्यात आनंदाचा भाग अजिबात नव्हता. "तुम्ही मला दुसरी वाट ठेवली नाहीत."

मांडवात जाऊन त्यांनीच भोंग्यावर सांगितलं, की यादीत चूक आहे, वाटप तूर्त थांबवलं आहे. लोक चिडले. ज्यांची नावं आधी निघाली होती ते तर फारच. एका बाईमुळं सगळ्या गावाचा खोळंबा, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. भामाबाई उठून उभी राहिली.

"सायेब, एवडंच सांगितलंत. काल भोंग्यावरनं जे वाचलं, त्येचं काय?"

"चूक झाली म्हणालो ना, मावशी."

"काय चूक झाली ते म्हना."

साहेबांनी यादी जवळ ओढली. मग भोंग्यात म्हणाले, "श्रीमती भामाबाई गणपत शेलार या दगडू शेलार यांच्या पत्नी नाहीत. त्या स्वतंत्र कुटुंबप्रमुख आहेत. काल चुकीचं वाचलं गेलं. कचेरी दिलगीर आहे."

तेव्हा बायकांत मागून एक अगदी बारीक आवाज आला. "आन् मी?" दगडूची बायको होती. पदर अजून तोंडावरच होता. "मी बी भामाबाईच हाय. माज्यामुळं जाऊबाईचं घर जातंय म्हनून काल घरात मला मार बसला. माजी काय चूक व्हती, ते बी सांगा की भोंग्यात."

दगडू मान खाली घालून बसला. साहेबांनी भोंगा बंद केला होता. भामाबाई मात्र रांगेतून वाट काढत मागे गेली आणि आपल्या जावेशेजारी जाऊन बसली.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. मला त्या आठवड्यात घरी बसवलं आणि महिनाअखेर राजीनामा घेतला. माझ्या जागी आलेल्या मुलीचा मला फोन आला. सरांनी सांगितलंय, तुमच्या त्या चार टेबलांचं चित्र आहे का? मी पाठवून दिलं. हेरंबसरांवरचा राग चित्रावर कशाला काढायचा? धावडीची माहिती घरोघरी जाऊन पुन्हा भरली गेली. प्रत्येक माणसाला स्वतःची ओळ मिळाली, प्रत्येक बाईला पूर्ण नाव विचारलं गेलं. अनसूयेच्या नवऱ्याचा दावा अडकला, कारण वेगळी चूल मांडलेली अनसूया त्याच्याही कुटुंबात आहे असं नव्या टेबलात लिहिताच येईना. तिला भूखंड मिळाला. भामाबाईला मिळाला. हेरंबसर पुढे मोठ्या कंपनीत गेले. मला ते एका लग्नात भेटले होते, प्रेमानं बोलले. त्या वेळी आपण दोघंही तरुण होतो, असं म्हणाले. मी जेवणाच्या रांगेकडे वळले.

उंबरवण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. तक्रार नाही, असं कचेरीचं म्हणणं. म्हणून तक्रार आणायची असं भामाबाईनं ठरवलं. माझी नोकरी सुटल्याचं तिला कुठूनतरी कळलं होतं. तिनं निरोप धाडला: रिकामी हाईस, तर ये.

मी गेले. तिची मोठी लेक ज्या गावात दिली होती, तिथून पलीकडे उंबरवण्याची तानूबाई जाधव आपल्या भावाकडे राहते, असं तिनं शोधून काढलं होतं. आम्ही एसटीनं फाट्यावर उतरलो आणि उन्हातून चालत गेलो. भावाचं घर चांगलं होतं. तानूबाई घरात नव्हती. मागे गोठ्याला पत्रा टाकून आडोसा केला होता, तिथं ती राहत होती. भामाबाईच्याच वयाची, पण वाकलेली. आम्हाला बघून तिनं पोतं झटकून अंथरलं.

"पानी देते," ती म्हणाली.

"पानी राहू दे," भामाबाई म्हणाली. "बस. तुजं घर व्हतं का न्हाई उंबरवण्यात?"

"व्हतं की. दोन खणाचं."

"एकलीच राहत व्हतीस?"

"मालक गेल्यापास्नं एकलीच."

"मग भूखंड?"

"माजं नाव न्हाई निगालं."

"का न्हाई निगालं?"

तानूबाईनं जरा आठवलं. "भोंग्यावरनं वाचलं त्यांनी. तानूबाई जाधव, पत्नी रामचंद्र जाधव, सवतंत्र भूखंड न्हाई. मंग मी उठून आले."

"तुज्या मालकाचं नाव रामचंद्र?"

"न्हाई. मालकाचं नाव शिवराम."

मी विचारलं, "मग रामचंद्र जाधव कोण, मावशी?"

"म्हाईत न्हाई, बाय." तिनं पदराच्या टोकानं ओठ पुसले. "आमच्यात लई जाधव. आसंल कुनीतरी."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"एवड्या मोट्या सायबानं वाचलं," ती म्हणाली. "म्हनलं, सरकारनं ठरवलं आसंल."

भामाबाई रागावेल असं मला वाटलं. ती रागानं फुटेल, याचीच मी वाट बघत होते. तिनं गोठ्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, चुलीशी ठेवलेल्या एकुलत्या एका ताटलीकडे पाहिलं. मग ती उठली, तानूबाईच्या चपला शोधून तिच्या पायांपुढे ठेवल्या आणि तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

"तुजं नाव काय?" तिनं विचारलं.

"सांगितलं की. तानूबाई."

"पुरतं सांग."

"तानूबाई शिवराम जाधव."

"आता वाटंनं ह्येच म्हनत चल," भामाबाई म्हणाली. "कचेरीत गेल्यावर सायेब आडवा बोलंल. तवा इसरशील."

फाट्यापर्यंतच्या त्या वाटेनं आम्ही तिघी चालत राहिलो. तानूबाईला प्रथम लाज वाटत होती, मग दम लागत होता. पण मधूनमधून ती थांबायची आणि आपलं नाव म्हणायची. आणि दर वेळी भामाबाई मागे न बघता म्हणायची, "आजून मोट्यानं."